चिकित्सालयात न येणारा रुग्ण

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. वायू, उदक, देश व काल दूषित झाले असता भिन्न प्रकृतीचे लोकही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हा विचार तेथे मांडला आहे. परंतु व्यवसायात पदार्पण केल्यावर आपली दृष्टी समोर बसलेल्या रुग्णापुरती सीमित होते. संपूर्ण गावाचे निदान कसे करावे, हे सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस शिकविले जाते. त्या शिक्षणाचे महाराष्ट्रात दिसलेले एक फळ वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य एम.डी. झाल्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विषयाचे विद्यार्थी झाले. १९८४ मध्ये ती पदवी संपादन करून ते स्वदेशी परतले आणि १९८६ पासून 'सर्च' संस्थेद्वारे गडचिरोली जिल्ह्यात कार्य करू लागले. गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद हा त्यांच्या कार्याचा पाया ठरला. बालमृत्यूंपैकी मोठा भाग जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात होतो आणि ही अर्भके रुग्णालयात पोहोचतच नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

तेव्हा उपचारच घरी नेण्याचे ठरले. १९९५ पासून ३९ गावांत, गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविके देणे, ही कामे त्या करू लागल्या. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट आढळली. हे संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात शिशुसेवा देशभर सुरू केली.

हा वृत्तांत अभ्यासताना आम्ही आमची नोंदवही चाळली. महिन्याच्या आतील बाळांची नोंद जवळजवळ नव्हतीच. बाळगुटी मात्र नियमित विकली जात होती; ती नेण्यास बाळाची आजी अथवा वडील येत. अशाच एका घरातील बाळ आठव्या दिवशी दगावल्याचे आम्हांस मागाहून कळले. गुटी देताना बाळ दूध ओढते का, एवढेही आम्ही विचारले नव्हते. ही खंत आजही आमच्या मनात आहे.

आता गुटी मागण्यास येणाऱ्या प्रत्येकास आम्ही चार प्रश्न विचारतो : बाळ किती दिवसांचे? अंगावर नीट पिते का? अंग थंड अथवा तापलेले लागते का? श्वास जलद चालतो का? दोन महिन्यांखालील शांत बाळाचे श्वास मिनिटास ६० वा अधिक असल्यास, बाळ दूध ओढेनासे झाल्यास, थंड अथवा तापलेले लागल्यास कोणतेही औषध न देता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवितो. निरोगी बाळास पहिले सहा महिने केवळ स्तनपान पुरेसे आहे, हेही सांगतो. परिणामी गुटीची विक्री घटली, हे मान्य करावयास हवे.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही हे प्रश्न विक्रीच्या फळीपाशी लिहून ठेवावेत आणि गावातील आशाताईंशी परिचय ठेवावा. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास अनेक ठिकाणी बी.ए.एम.एस. पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. आपल्या तरुण वैद्यांनी त्याचा अवश्य विचार करावा, अशी आमची विनंती आहे.