फार लॅप नेमका कुठे आहे?

आता फार लॅपचंच बघा. 1926 साली न्यूझीलंडमध्ये जन्मला, लिलावात 160 गिनींना विकला गेला. पुढे 51 पैकी 37 शर्यती जिंकल्या, 1930चा मेलबर्न कपही. मंदीत पिचलेल्या ऑस्ट्रेलियाला तेवढाच दिलासा! 1932मध्ये मेक्सिकोतली शर्यत मारली आणि सोळाच दिवसांनी कॅलिफोर्नियात गेला. मग वाटणी झाली: कातडं मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला, हृदय कॅनबेराला. हृदय 6.2 किलोंचं, म्हणून लोक मुद्दाम तेच बघायला जातात. जणू सगळं जिंकणं त्यातच साठवलेलं! नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? तोच प्रश्न इथे आहे, मंडळी. मला तर यातला एकही तुकडा धावणारा घोडा वाटत नाही. 2010मध्ये सांगाडा काही काळ मेलबर्नला, कातड्यापाशी आणला होता. हृदय कॅनबेरातच राहिलं.