शब्द राखणारा व्यापारी आणि त्याची आगगाडी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या लहान गावात सर हेन्री हेडन जोन्स यांचा लोखंडी सामानाचा व्यापार होता. पुढे ते ब्रिटिश पार्लमेंटचे सभासदही झाले. १९११ साली त्यांनी डोंगरातील पाटीच्या दगडाची एक खाण आणि तिच्यासाठी १८६५ साली सुरू झालेली टॅलिथ्लिन रेल्वे विकत घेतली. खाण बंद पडती तर खोऱ्यातील कित्येक घरांची चूल विझली असती. सौदा फायद्याचा नव्हता, हे त्या व्यापाऱ्याला कळत नसेल असे नाही. ‘मी जिवंत असेपर्यंत गाडी चालेल’ असा शब्द त्यांनी दिला होता. १९४६ च्या अखेरीस खाण कोसळून बंद झाली, तरी उन्हाळ्यात गाडी धावत राहिली. २ जुलै १९५० रोजी त्यांचे निधन झाले आणि तो शब्द तेथेच संपला.

मागे राहिले ते पाहून कोणत्याही हिशेबी माणसाने भंगाराचा भाव विचारला असता. दोन फूट तीन इंचांचा हा मार्ग आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा अवघा तीन इंच रुंद. रूळ ऐंशीहून अधिक वर्षांचे. स्लीपर इतके कुजलेले की रुळांना गवताच्या मुळांनीच धरून ठेवले आहे, असे लोक थट्टेने म्हणत. चालण्याजोगे इंजिन एकच, १८६६ चे ‘डॉल्गोख’.

लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममध्ये सभा भरली आणि त्यातून रेल्वेच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली. सर हेडन यांच्या पत्नीने व मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी कारभार संस्थेच्या हाती जाऊ दिला. १४ मे १९५१ रोजी, मार्गाच्या थोड्याच भागावर का होईना, गाडी पुन्हा निघाली. स्वयंसेवकांनी चालविलेली ही जगातील पहिली जतन-रेल्वे होय.

गाडी निघाली, पण खरे काम रुळांखाली होते. एक स्लीपर बदलायचा म्हणजे आधी खिळे उपटायचे, खडी उकरायची, कुजके लाकूड आडवे ओढून काढायचे, नवे सरकवायचे, दोन रुळांमधील अंतर मापून खिळे ठोकायचे आणि शेवटी खडी पुन्हा ठासून भरायची. मग पुढचा स्लीपर. असे सात मैल. शिवाय नाल्या उपसणे, झुडपे तोडणे, इंजिनाचा बॉयलर धुऊन आतील साका काढणे. प्रवाशाला यातले काहीच दिसत नाही. इंजिनावर उभे राहायला उत्साही मंडळी सहज मिळतात, पावसात नाली उपसणारा मिळणे अवघड.

या कामात कसूर झाली की शिक्षा लगेच मिळते. जवळची कॉरिस रेल्वे बंद पडल्यावर तिची दोन इंजिने संस्थेने प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. त्यांतले तीन क्रमांकाचे इंजिन पुन्हा पुन्हा रुळांवरून घसरू लागले. त्याच्या चाकांची कड अरुंद होती आणि जुना मार्ग जागोजागी फाकलेला. चाक सरळ दोन रुळांमध्ये उतरे. दोष इंजिनाचा नव्हता, मार्ग मापात आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. चार क्रमांकाच्या इंजिनाची दुरुस्ती लीड्स येथील हन्सलेट या इंजिन-कारखान्याने विनामूल्य करून दिली. त्या पेढीचे अध्यक्ष संस्थेचे सभासद होते.

नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपल्याकडे मानतात. तरी पाटीवर नाव बहुधा नव्या बांधकामालाच लागते. स्लीपरवर दात्याचे नाव कोरायला जागा नसते, आणि बरा असला तरी तो काही वर्षांनी पुन्हा बदलावाच लागतो.

केवळ हौसेवर मात्र रेल्वे चालत नाही. येथे पगारी कर्मचारीही आहेत. चालक व्हायचे तर आधी पुसणे-घासणे, मग कोळसा टाकणे, आणि योग्यता सिद्ध झाल्यावरच चालकाची जागा. मोठी देणगी दिली म्हणून कोणाला इंजिनाची दांडी हाती मिळत नाही. खाणीकडे जाणाऱ्या जुन्या मालमार्गावर नांत ग्वेर्नोलपर्यंत प्रवासी गाडी न्यायलाही स्वयंसेवकांना १९७६ साल उजाडले.

तीन क्रमांकाचे ते घसरणारे इंजिन आजही संस्थेकडे आहे. त्याला नाव दिले आहे ‘सर हेडन’.