रक्तगटाची आनुवंशिकता आणि 'बॉम्बे रक्तगट' : एक विवेचन

प्रस्तावना :
विद्यार्थ्याच्या ओळखपत्रापासून वाहनचालकाच्या परवान्यापर्यंत रक्तगटाची नोंद आज सर्वत्र आढळते. साखरा (जि. हिंगोली) यांसारख्या ग्रामीण परिसरात ही नोंद पुष्कळदा एखाद्या तपासणी शिबिरात प्रथमच होते. पुढे आई-वडील व अपत्ये यांचे रक्तगट ताडून पाहिले जातात आणि ते पाठ्यपुस्तकातील नियमाशी जुळले नाहीत, तर कुटुंबात नाहक संशय निर्माण होतो. हा नियम कोणता व तो कोठे अपुरा पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आनुवंशिकतेचा मूलभूत नियम :
कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. हे गट तीन युग्मविकल्पी जनुकांमुळे ठरतात, हे फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ च्या सुमारास गणिताने दाखवून दिले. 'ए', 'बी' व 'ओ' या तिन्हींचे स्थान नवव्या गुणसूत्रावर आहे. प्रत्येक व्यक्तीला आईकडून एक व वडिलांकडून एक असे दोन जनुक मिळतात. 'ए' व 'बी' परस्परांशी सहप्रभावी, तर 'ओ' अप्रभावी आहे. त्यामुळे 'ए' आणि 'बी' गटाच्या दांपत्याला, दोघांकडेही 'ओ' जनुक सुप्त असल्यास, चारही गटांची अपत्ये होऊ शकतात. याउलट 'ओ' गटाच्या व्यक्तीला 'एबी' गटाचे अपत्य होऊ शकत नाही, असा नियम सांगितला जातो.

मुंबईतील शोध :
या नियमाची मर्यादा मुंबईतच उघड झाली. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगुणाची नोंद केली. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर 'ए' किंवा 'बी' प्रतिजन नव्हते. तथापि त्यांचा रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींनाही गोठळवत होता. हाच पुढे 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला.

कारणमीमांसा :
'ए' व 'बी' प्रतिजन शून्यातून निर्माण होत नाहीत. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील 'एच' जनुकाचा विकर प्रथम पेशीवरील शर्कराशृंखलेला फ्युकोज जोडून 'एच' प्रतिजन तयार करतो. त्यावर 'ए' जनुकाचा विकर एक शर्करा, तर 'बी' जनुकाचा विकर दुसरी शर्करा जोडतो. 'ओ' जनुकाचा विकर निष्क्रिय असल्याने 'ओ' गटात 'एच' प्रतिजन तसाच राहतो. ज्या व्यक्तीला दोन्ही पालकांकडून सदोष 'एच' जनुक मिळतो, तिच्यात हा पायाच घातला जात नाही. मग 'ए' वा 'बी' जनुक असूनही तो प्रकट होत नाही. एका जनुकाने दुसऱ्याचा आविष्कार झाकण्याचे हे ठळक उदाहरण होय.

अशा मातेत 'बी' जनुक सुप्त असेल व पिता 'ए' गटाचा असून त्याचे दोन्ही 'एच' जनुक कार्यक्षम असतील, तर अपत्य 'एबी' गटाचे होऊ शकते. मातेची नोंद मात्र 'ओ' असते. येथे नियम मोडलेला नसतो. नोंद अपुरी असते.

नातेसंबंधातील विवाह :
भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एका व्यक्तीत आढळतो, असे मानले जाते. युरोपात तो अत्यंत विरळ आहे. सदोष जनुकाचे प्रमाण शंभरात एक गृहीत धरल्यास अनोळखी कुळांतील विवाहात अपत्याला हा गट मिळण्याची शक्यता दहा हजारांत एक येते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी झालेल्या विवाहात ती सुमारे सातपट, तर मामा-भाची विवाहात सुमारे तेरापट होते. मराठवाड्यातील विवाहपद्धती लक्षात घेता ही बाब दुर्लक्षणीय नाही.

व्यावहारिक महत्त्व :
काचपट्टीवर केवळ 'ए' व 'बी' विरोधी द्रव वापरून केलेल्या चाचणीत बॉम्बे गट 'ओ' म्हणूनच दिसतो. अशा रुग्णास 'ओ' रक्त दिल्यास त्याच्या रक्तद्रवातील 'एच' विरोधी प्रतिपिंडे त्या पेशींचा नाश करतात व जीवावर बेतू शकते. त्यास बॉम्बे गटाचेच रक्त लागते. रक्तद्रवाची उलट तपासणी, 'एच' विरोधी द्रवाची चाचणी आणि रक्त देण्यापूर्वीची जुळणी यांतून हा गट ओळखता येतो. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो आढळण्याची शक्यता सामान्यतः चारात एक असल्याने भावंडांची तपासणी प्रथम करावी.

समारोप :
रक्तगट न जुळण्याचे कारण बहुधा चुकीची चाचणी वा चुकीची नोंद हे असते. क्वचित ते बॉम्बे गट असते. म्हणून अशा विसंगतीवरून पितृत्वाविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय ठरते. शिबिरातील नोंद प्राथमिक आहे, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगणे आणि विसंगती आढळल्यास रक्तपेढीत फेरतपासणीचा सल्ला देणे, ही अध्यापकाची जबाबदारी आहे. त्यातून एखाद्याचा जीव वाचू शकतो आणि एखाद्या स्त्रीवरील अकारण ठपकाही टळू शकतो.