मागणी प्रोसेसरची, पुरवठा मदरबोर्डचा

साडेचार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घेतला आणि स्क्रीनवर दिसतोय ०.८! पहिला संशय दुकानदारावर जातो, पण तो बिचारा निर्दोष असतो. काम नसलं की प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवतो. काम आलं की मिलिसेकंदांच्या हिशेबात पुन्हा वर चढतो. म्हणून ‘ही सोय बंद केली की पीसी पळतो’ हा सल्ला बहुतेकांसाठी फुकाचा आहे. पंख्याचा आवाज मात्र वाढू शकतो.

‘वेग उतरवला की झालं, व्होल्टेज कशाला?’ असंही विचारतात. खरी बचत तिथेच आहे. प्रोसेसर चालताना खर्च होणारी वीज वेगाच्या सम प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर हा खर्च निम्मा होतो. त्याच वेळी व्होल्टेज १.४ वरून १.१ वर आणलं, तर तो सुमारे ३१ टक्क्यांवर येतो.

सगळ्यात चिवट गैरसमज मदरबोर्डबद्दल आहे: ‘सोय प्रोसेसरची, बोर्डाचा काय संबंध?’ प्रोसेसर फक्त मागणी करतो. ‘मला इतके व्होल्ट हवेत’ असा संकेत तो देतो आणि बोर्डावरचं व्होल्टेज नियंत्रण करणारं सर्किट तेवढे पुरवतं. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर ही सोय ‘कूल अँड क्वाएट’ नावाने आणली, तेव्हा कोणत्या वेगाला किती व्होल्टेज याचा तक्ता बोर्डाच्या बायोसने ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायचा होता. तक्ता नसला किंवा चुकीचा असला, की लिनक्सचा ड्रायव्हर सरळ हात वर करायचा. विंडोज एक्सपीत तर ड्रायव्हर टाकून पॉवर स्कीमही बदलावी लागे. त्यामुळे तोच प्रोसेसर एका बोर्डावर थंड, दुसऱ्यावर तापलेला. इंटेलने २०१३ च्या हॅसवेल पिढीत व्होल्टेज नियंत्रणाचा मोठा भाग चिपमध्येच घेतला होता, पण २०१५ च्या स्कायलेकमध्ये तो पुन्हा बोर्डाकडे सोपवला. वेग ठरवण्याचं बरंचसं काम मात्र त्याच पिढीपासून ‘स्पीड शिफ्ट’मुळे प्रोसेसर स्वतः करू लागला.

‘व्होल्टेज कमी केलं तर प्रोसेसर जळतो’ हेही उलटंच. फार कमी केलं तर पीसी अडकतो, बंद पडतो किंवा हिशेब चुकतो, इतकंच. यातल्या शेवटच्या शक्यतेचा गैरफायदा घेता येतो, हे २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ या हल्ल्याने दाखवलं. त्यानंतर काही संगणकांवर बायोस अपडेट होताच व्होल्टेज उतरवण्याचा पर्यायच गायब झाला.

धोका आहे तो वरच्या टोकाला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे कायमचे बिघडत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखणारा मायक्रोकोड दिला. तो पोहोचतो मुख्यतः मदरबोर्डाच्या बायोसमधून. झालेली इजा त्याने भरून निघत नाही, म्हणून या पिढ्यांचा प्रोसेसर असेल तर बायोस कधीचा आहे ते आजच बघा.