ज्वाळेवर काही शिजत नाही: तेप्पान्याकीबद्दलचे गैरसमज

शहरात नवं तेप्पान्याकी रेस्टॉरंट उघडलं की आठवड्याभरात त्याच्या रील्स फिरायला लागतात. कांद्याच्या चकत्यांचा मनोरा रचलाय, त्यातून ज्वाळा उठतेय, शेफ उलथनं हवेत फेकून झेलतोय आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे मोबाइल धरून आहेत. जेवण राहतं बाजूला. मग कोणी म्हणतं, ही जपानची हजारो वर्षांची परंपरा. कोणी म्हणतं, सगळा पैसे उकळायचा तमाशा. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत.

परंपरेचं आधी बघू. इ.स. 675 मध्ये सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढे बौद्ध आचारामुळे मांसाहाराबद्दलचा संकोच जपानात शतकानुशतकं टिकला. चोरून-लपून, औषध म्हणून खाणारे होतेच. 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा कुठे ते प्रतिष्ठित ताटात आलं. लोखंडी पत्र्यावर ग्राहकासमोर स्टेक भाजून द्यायची पद्धत तर त्याहूनही अलीकडची. तिची सुरुवात 1945 मध्ये कोबे शहरातल्या ‘मिसोनो’ या रेस्टॉरंटने केली, असं मानलं जातं. म्हणजे या ‘प्राचीन’ परंपरेचं वय आपल्या स्वातंत्र्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी जास्त. शिवाय मिसोनोचं कौतुक स्थानिकांपेक्षा परदेशी लोकांना, विशेषतः युद्धानंतर तिथे तळ ठोकलेल्या अमेरिकी सैनिकांना जास्त होतं. मांसाचा तुकडा ओळखीचा आणि तो समोर भाजला जातोय. त्यांना आणखी काय हवं होतं?

तमाशाचा भाग अमेरिकेत वाढला. हिरोआकी ‘रॉकी’ आओकी हा जपानी कुस्तीगीर अमेरिकेत राहिला, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आइस्क्रीमची गाडी फिरवून त्याने पैसे साठवले आणि 1964 मध्ये पश्चिम 56व्या रस्त्यावर चार टेबलांचं ‘बेनिहाना’ उघडलं. सुरुवातीला तिथे माशा मारायची वेळ होती; 1965 च्या सुमारास एका वृत्तपत्रात भरभरून परीक्षण आलं आणि मग रांगा लागल्या. सुऱ्यांचे खेळ, कोलंबीची शेपटी उडवून टोपीत झेलणं, कांद्याचा ज्वालामुखी ही सगळी त्या वळणाची देणगी.

मात्र याला नुसता तमाशा म्हणणं आओकीवर अन्याय होईल. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1972 मध्ये बेनिहानावर केस स्टडी लिहिली, ती सुरे फेकण्यासाठी नव्हे. स्वयंपाक टेबलावरच होत असल्याने मागच्या बाजूला जागा फक्त तयारी, भांडी धुणं, कार्यालय यांपुरती लागते. तिथे ती एकूण जागेच्या सुमारे 22 टक्के होती. मेन्यूत स्टेक, चिकन, कोलंबी एवढंच, त्यामुळे माल वाया जात नाही. आठ अनोळखी माणसं एका टेबलाभोवती बसतात, एकच शेफ सगळ्यांना वाढतो आणि त्याचं आवरलं की लोकही उठतात. टेबल रिकामं करायला कोणाला सांगावं लागत नाही. डोकेबाज माणूस!

अमेरिकेतून जाऊन आलेले नातेवाईक याच प्रकाराला ‘हिबाची’ म्हणतात. जपानातली हिबाची म्हणजे राख भरलेली आणि वर कोळसे ठेवलेली शेगडी. तिच्यावर हात शेकायचे, चहाची किटली ठेवायची. अमेरिकेत नाव रुळलंय, वाद घालून उपयोग नाही.

आता खरा मुद्दा: ज्वाळेवर काहीही शिजत नाही. शिजतं ते तव्यावर, आणि त्या तव्याकडेच कोणी बघत नाही. तेप्पान म्हणजे पोलादाचा सपाट जाड पत्रा, चांगल्या ठिकाणी दोन सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा. घावनासाठी बिडाचा तवा का लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही जाडी समजावून सांगायला नको. पातळ पत्र्यावर गार मांस टाकलं की पत्राच गार पडतो, मांसाला पाणी सुटतं आणि ते उकडून निघतं. जाड पत्र्यात उष्णता साठलेली असते, त्यामुळे पृष्ठभाग लगेच तांबूस, खरपूस होतो. शेफ पाण्याचे थेंब टाकतो. ते चर्रकन उडून न जाता मोत्यासारखे पळायला लागले की पत्रा साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलाय. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो.

कसबी शेफचे हात या काळात फारसे उडत नाहीत. आधी लसणाच्या पातळ चकत्या तेलात मंद आचेवर सावकाश तळून, तांबूस व्हायच्या आत बाजूला काढल्या जातात. लसूण जळला तर पुढचं सगळं कडू होतं. मांस मधल्या तापलेल्या भागावर पडतं, रंग आला की कडेच्या सौम्य भागाकडे सरकतं आणि तिथे काही मिनिटं नुसतं राहतं. कापून टाकलेली चरबीची किनार वाया जात नाही. ती बारीक करून वितळवतात आणि कडधान्यांचे लांब मोड तिच्यात परततात. शेवटी त्याच जागेवर भात येतो. सोया सॉस भातावर न ओतता पत्र्यावर ओततात. तो क्षणात करपायला लागतो, त्याचा वास भाताला लागतो आणि मग दोन उलथन्यांनी भात त्यावर ओढला जातो. हे बघायचं सोडून लोक ज्वाळेचं चित्रीकरण करत बसतात, याची मला गंमत वाटते.

ज्वाळेबद्दलचा आणखी एक समज जास्त महत्त्वाचा आहे: ‘दारू पेटवली की ती उडून जाते.’ जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पेटवलेल्या पदार्थात सुमारे 75 टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं. अर्धा तास शिजवलं तरी जवळजवळ 35 टक्के. घातलेलं प्रमाण थोडं असतं, त्यामुळे कोणाला चढणार नाही. पण धार्मिक कारणाने, औषधामुळे किंवा लहान मुलासाठी दारू नकोच असेल, तर ब्रँडी किंवा साके घालू नका असं आधी सांगावं लागतं. पेटल्यावर सांगून फायदा नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त चालणारा समज शाकाहाराचा. ‘भाज्या, टोफू आणि भात मागवला की झालं.’ पहिली अडचण पत्र्याचीच: त्याच पत्र्यावर आधीच्या माणसाची कोलंबी भाजली गेलेली असते. दोन पदार्थांच्या मधे शेफ पाणी टाकून पत्रा खरवडतो, पुसतो. ती स्वच्छता झाली, सोवळं नव्हे. बहुतेक ठिकाणी वेगळा पत्रा नसतो. काही ठिकाणी आतल्या स्वयंपाकघरात वेगळ्या तव्यावर करून आणतात, पण मग समोर बसण्यात काय राहिलं?

दुसरी अडचण दिसतही नाही. मिसो सूप आणि पोन्झूसारखे बुडवायचे सॉस यांत बरेचदा दाशी, म्हणजे जपानी स्टॉक, असते. नेहमीची दाशी कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस, यांपासून करतात. सूपमध्ये माशाचा तुकडा दिसत नाही, वासही आपल्या ओळखीचा नसतो आणि वाढणाऱ्या पोराला कित्येकदा स्वतःलाच ठाऊक नसतं. म्हणून ‘व्हेज आहे का?’ असं विचारू नये, ‘दाशी कशाची आहे?’ असं विचारावं. जपानी मठांतल्या शोजिन र्‍योरी या शाकाहारी स्वयंपाकात कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी करतात, म्हणजे शाकाहारी दाशी अशक्य मुळीच नाही. त्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य आहे. मात्र मुळा, आलं, गाजर चालतं, त्यामुळे ‘शोजिन म्हणजे जैन’ हा हिशेब जुळत नाही. आणखी एक: नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. ग्लुटेन चालत नसणाऱ्याने ही चौकशी टाळू नये. कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्याने तर त्या पत्र्यापासून लांबच राहावं.

‘कोबे बीफ’चं काय? खरं कोबे बीफ ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वंशाच्या जनावरांचं आणि ठरावीक प्रतीचं असावं लागतं. त्याची निर्यातच 2012 मध्ये सुरू झाली. रोज बिअर पाजून आणि मालीश करून वाढवतात ही कथा चवदार आहे, सर्वसाधारण पद्धत तशी नाही. भारतात गोमांस आयात करता येत नाही आणि महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या मेन्यूवर ‘टेंडरलॉइन’ लिहिलेलं असेल तर ते म्हशीचं किंवा रेड्याचं समजावं, आणि ‘कोबे’ लिहिलेलं असेल तर मालकाला शांतपणे प्रश्न विचारावा.

राहिला खर्चाचा प्रश्न. तेप्पान म्हणजे महागडंच, हे आपल्याला हॉटेलांमुळे वाटतं. जपानात तोच पत्रा गल्लीबोळात आहे. हिरोशिमात ‘ओकोनोमिमुरा’ नावाची अख्खी इमारत ओकोनोमियाकीच्या लहान दुकानांनी भरलेली आहे: पिठाचा पातळ थर, त्यावर ढीगभर कोबी, डुकराचं मांस, नूडल्स, अंडं आणि वर गोडसर सॉस. पत्र्यासमोरच्या बाकावर बसायचं आणि छोट्या उलथन्याने कापून तिथूनच खायचं. टोक्योच्या त्सुकिशिमा भागात त्याहून पातळ ‘मोंजायाकी’ मिळतं, आणि तिथे बरेचदा ग्राहक स्वतःच भाजत बसतो. आपल्याकडच्या नव्या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर ओकोनोमियाकी असेल तर पहिल्या भेटीला तेच मागवून बघायला हरकत नाही. स्टेकपेक्षा बिल कमी येतं आणि शेफचा हात कसा आहे तेही कळतं. फक्त वर फडफडणारे ते कागदासारखे तुकडे कात्सुओबुशीचे असतात.