बी तेच, गुण निराळा

लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोळ्यांना पाणी आले नाही, तर ती मोहरी जुनी म्हणून गृहिणी बाजूला सारते. तीच मोहरी कढत तेलात पडली की तडतडते, खमंग होते. पण नाकात झणझणत नाही. मग तिचा झणका गेला कोठे? वस्तुतः अखंड बियात तो नसतोच. त्याचे मूळ द्रव्य एका जागी आणि त्याचे विघटन करणारे मायरोसिनेज नावाचे एन्झाइम दुसऱ्या जागी, असा त्यांचा वेगळा संसार असतो. ब्यूसी या फ्रेंच रसायनज्ञाने १८४० साली याचा उलगडा केला. बी ठेचून त्याला पाणी लागले की दोघांची गाठ पडते. कढत तेलात मात्र एन्झाइम आधीच निकामी होते. म्हणूनच मोहरीचा लेप कोमट पाण्यात कालवावा. उकळत्या पाण्यात कालवलेला लेप म्हणजे नुसता चिखल, असे आम्ही म्हणू.

मोहरीचा गुण मारणारा हा विस्तव गुंजेच्या बाबतीत उपकारक ठरतो. सोनाराच्या तराजूतील ही गुंज टणक कवचासह गिळली गेली, तर बहुधा तशीच बाहेर पडते. कुटलेली मात्र प्राण घेऊ शकते. तिच्यातील अब्रिन हे विष एक प्रथिन आहे. वैद्य गुंज कापडात बांधून कांजीत प्रहरभर शिजवीत. अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर पालटतो, तसे ते प्रथिनही पालटते आणि त्याची विषशक्ती जाते.

येथेच पुष्कळांची फसगत होते. ‘उकळले म्हणजे विष मेले’ हा हिशेब कुचल्याला, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बियांना, लावता येत नाही. पेल्तिए आणि कावांतू यांनी १८१८ साली शोधलेले स्ट्रिक्नीन या बियांत असते; ते प्रथिन नव्हे, आणि उकळण्याने ते नाश पावत नाही. आयुर्वेदातील शोधनाच्या एका रीतीत बिया कित्येक दिवस गोमूत्रात भिजवतात, ते रोज बदलतात, नंतर दुधात शिजवून साल व आतला अंकुर काढतात आणि तुपात परततात. विषाचा काही अंश त्या द्रवांत उतरतो, काहीचे सौम्य रूपांतर होते. उरलेला बियात राहतोच. म्हणून शोधलेला कुचलाही वैद्याच्या मात्रेबाहेर घेतला, तर आचके येतात. आणि ज्या दुधात तो शिजला ते दूध तर मांजराच्या तोंडीही लागू देऊ नये. बियातून सुटलेले विष त्यातच असते.