पंचवीस रुपयांचा दंड

निलंग्यात माझ्या शाळकरी वयात एक खासगी वाचनालय होते. भिंतीला लागून खांडेकर, फडके, रणजित देसाई उघड्यावर उभे असत आणि चंद्रकांत काकोडकर मात्र टेबलाच्या खणात. नाव घेऊन कोणी मागत नसे. 'खालचे आहे का?' असे विचारले, की मालक वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक सरकवायचे. घेणाऱ्यांत आमचे एक गुरुजीही होते. पुढे ते वाचनालय बंद पडले, तेव्हा मी रद्दीच्या भावात दोन पोती पुस्तके उचलली. त्यांत 'खालची' बरीच होती.

हा लेखक सर्वोच्च न्यायालयात जाऊन खटला जिंकून आला होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले, आणि तेही लातूरच्या एका प्रकरणामुळे. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या, केवळ सभासदांसाठी निघणाऱ्या अंकात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली गेली. तक्रार पुण्यातून झाली, गुन्हा नोंदला गेला लातूरच्या पोलीस ठाण्यात. ठाण्याचे नाव, योगायोगाने, गांधी चौक. 'देवीदास तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. २०१५ साली निकाल लागला : प्रकाशक आणि मुद्रक सुटले, कवीवरचा आरोप मात्र तसाच राहिला. ते लांबलचक निकालपत्र शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होतो. अश्लीलतेच्या जुन्या निवाड्यांची चर्चा करताना न्यायमूर्ती एका नावाशी थांबले होते : चंद्रकांत कल्याणदास काकोडकर. खणातले गृहस्थ!

प्रकरण असे होते. 'रंभा' या मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा या तिघी, एवढाच तिचा विषय. पुण्यातल्या एका वाचकाला ती अश्लील वाटली. त्याने लेखक, मुद्रक-प्रकाशक आणि विक्रेते यांच्याविरुद्ध भारतीय दंडविधानाच्या २९२ कलमाखाली फिर्याद केली. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष सोडले. त्यावर अपील झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी ठरवले. शिक्षा पंचवीस रुपये दंड, न भरल्यास आठवडाभर साधी कैद. शिवाय आरोपींकडे असलेले अंक नष्ट करण्याचा आदेश.

पंचवीस रुपये भरून माणूस मोकळा झाला असता. काकोडकर दिल्लीला गेले. वकिलाची फी दंडाच्या किती पट झाली असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. या एका गोष्टीमुळे मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला, त्यांच्या कादंबऱ्यांमुळे नव्हे. त्या मी आता पुन्हा वाचल्या. नायिका फार लवकर थरथरतात.

ऑगस्ट १९६९ मध्ये न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी निकाल दिला. पाचच वर्षांपूर्वी, १९६४ साली, याच न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली होती. म्हणजे वारा उलटा होता. न्यायालयाने 'श्यामा' आक्षेपार्ह उताऱ्यांपुरती न पाहता आख्खी वाचली. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, एका देशात साहित्य ठरते ते दुसऱ्या देशात अश्लील ठरू शकते, असे नोंदवले. एखाददुसऱ्या वाचकाचे मन बिघडेल का हा प्रश्न नाही, ज्या वर्गाच्या हाती कथा पडेल त्या वर्गाचे काय होईल ते पाहायचे, असेही म्हटले. आणि काकोडकरांना निर्दोष ठरवले.

पण त्याच निकालात असेही आहे, की कथेचा वाङ्मयीन दर्जा फार वरचा नसेल, लेखकाची अपरिपक्वता आणि विषयाचे अपुरे ज्ञान तीत दिसत असेल. लेखकाला हे झोंबले असणार. मला मात्र निकालातली ही सर्वांत मोलाची जागा वाटते. त्याच वर्षी २९२ कलमात दुरुस्ती होऊन साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या लेखनाला सूट मिळाली. ती सूट थोरामोठ्यांच्या कामाची. मंदिरांवरच्या शिल्पांना तर कायद्याने आधीपासूनच वगळले होते. आमच्या नीळकंठेश्वराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींना कोणी कोर्टात खेचू शकत नाही. 'श्यामा'कडे ना देवळाची भिंत होती, ना साहित्यिक थोरवी. ती सुटली ती सामान्य कथा म्हणूनच. सामान्य लिहिणे हा गुन्हा नाही, हे त्या निकालाने मानले.

त्याच वर्षाच्या अखेरीस राज खोसलांचा 'दो रास्ते' आला. राजेश खन्ना, मुमताज, बलराज साहनी. एकत्र कुटुंबासाठी झिजणारा थोरला भाऊ, श्रीमंत घरातून आलेली भांडखोर सून, शेवटी आईच्या पायाशी परतणारे घर. आमच्या भागातल्या बायाबापड्यांनी पदराने डोळे पुसत पाहिलेला हा सिनेमा काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरचा होता. त्याच्या कथेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. घरात ज्याचे पुस्तक गादीखाली, त्याचीच गोष्ट पडद्यावर सहकुटुंब! माझ्या आईला मी हे सांगितले तेव्हा तिने विश्वास ठेवला नाही.

मराठीत अश्लीलतेच्या खटल्यांचा विषय निघाला, की र. धों. कर्वे आठवतात, १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते, तरी ते हरले. मर्ढेकर आठवतात, ते सुटले. या मालिकेत काकोडकरांचे नाव क्वचितच घेतले जाते. पुढे लातूरच्या खटल्यात एका मान्यवर कवीच्या कवितेचा विचार करताना न्यायालयाने ज्या निवाड्यांचा आधार चर्चेला घेतला, त्यांत या खणातल्या लेखकाचा निवाडा आहे, हे आमच्या समीक्षेला सांगावेसे वाटत नाही. कोर्टाने त्यांना सामान्य लेखक म्हटले आणि सोडले. आम्ही सामान्य म्हटले आणि विसरलो.

१९६२चा तो 'रंभा' मी अजून शोधतो आहे. पोत्यांतून निघालेल्या त्यांच्या एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी आहे. ती भरल्यावर तिच्यावर दुसरी डकवली आहे, दुसरीवर तिसरी.